विधेयक वॉशिंग्टनमध्ये, तारण सांगलीत

पत्र असं आहे:

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, निवृत्तीला तीन वर्षं राहिली. मिस्टरांचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर, दोन वर्षं पुण्यात नोकरी करतेय, हातात बासष्ट हजार येतात. तिला पुढच्या ऑगस्टला एमएस करायला अमेरिकेला जायचंय. पुण्याच्या कन्सल्टन्सीनं आठ युनिव्हर्सिट्यांची यादी दिली, डिसेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज भरायचेत. बँक आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटवर बेचाळीस लाख द्यायला तयार आहे, साडेदहा टक्क्यांनी. मी सहकर्जदार. गेल्या आठवड्यात बहिणीनं मेसेज पाठवला, 'अमेरिकेत ओपीटी बंद करणारा कायदा आला, आता शिका आणि गपचूप परत या.' माझा भाचा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो, 'मामी, अशी बिलं दरवर्षी येतात, काही होत नाही.' लेकीला विचारलं तर ती चिडते, म्हणते तुला माझ्यावर विश्वासच नाही. कुणाचं खरं मानू? सही करू की नको?"

ताई, सही करा. पण बेचाळीस लाखांच्या कागदावर नको, आणि कॉलेजं नक्की होण्याआधी तर नकोच. असं का म्हणते ते नीट सांगते, कारण तेच तुम्हाला लेकीला सांगावं लागणार आहे.

आधी तो मेसेज. ओपीटी म्हणजे शिक्षण संपल्यावर अमेरिकेत काही काळ नोकरी करू देणारी सोय. ती बंद करणारा कायदा झालेला नाही, विधेयक मांडलं गेलंय. ॲरिझोनाचे खासदार पॉल गोसार यांनी मार्च २०२५ मध्ये ते प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात मांडलं, तिथून ते न्यायविषयक समितीकडे गेलं आणि हे लिहीपर्यंत त्याच्या पुढे सरकलेलं नाही. याच आशयाचं विधेयक त्यांनी आधीही मांडलं होतं. तिकडे दोन वर्षांची एक काँग्रेस, म्हणजे त्यांच्या संसदेचा एक कार्यकाळ, संपली की मंजूर न झालेली सगळी विधेयकं आपोआप बाद होतात. आत्ताची एकशे एकोणिसावी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला संपेल. दर कार्यकाळात दहा हजारांहून जास्त विधेयकं मांडली जातात, कायदा होतो तो काही शेकड्यांचाच. खासदार पुष्कळदा आपल्या मतदारांना दाखवायला विधेयक मांडतात आणि त्या दिवशी आपल्याकडे बातमी येते "अमेरिकेचा मोठा निर्णय".

शिवाय साधं विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, पुढे न्यायचं तर शंभरातली साठ मतं लागतात. इतकी मतं आज कुठल्याच पक्षाकडे नाहीत. म्हणजे भाचा म्हणतो ते विधेयकाच्या बाबतीत बरोबर आहे.

पण तुमची लेक ज्या तीन वर्षांच्या भरवशावर कर्ज काढतेय, तो भरवसा मुळात कायद्यावर उभाच नाही, आणि भाच्याच्या बोलण्यातून नेमकं हेच सुटलंय. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या मुलांना पदवीनंतर बारा महिने त्यांच्या विषयातलं काम करू देणारी ही ओपीटीची सोय अमेरिकी सरकारच्या खात्यानं केलेल्या नियमातून आली. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित अशा विषयांच्या मुलांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात, तेही २०१६ च्या नियमातून. संसदेनं "ओपीटी असेल" असा कायदा कधी केला नाही. मग जे खात्यानं दिलं ते खातं बदलू शकतं, त्यासाठी गोसारांच्या विधेयकाची गरजच नाही. नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याचे संचालक जोसेफ एडलो यांनी मे २०२५ मध्ये, नेमणुकीआधी सिनेटसमोर झालेल्या सुनावणीत, शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्यांना मिळणारा कामाचा परवाना काढून टाकता यावा अशी आपली इच्छा असल्याचं सांगितलं होतं. ते आज त्या खुर्चीवर आहेत. मी तुमच्या जागी असते तर बहिणीच्या मेसेजपेक्षा या वाक्यावर जास्त विचार केला असता.

तरी घाबरून जाऊ नका, कारण नियम बदलायलाही रीत आहे. मसुदा त्यांच्या राजपत्रात छापावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, त्या वाचून अंतिम नियम काढावा लागतो, आणि मग बहुतेक वेळा कुणीतरी कोर्टात जातंच. यात महिने जातात, कधी वर्षं. एक जुनी गोष्ट सांगते. २००८ मध्ये सरकारनं हरकती न मागवताच तंत्रज्ञानाच्या मुलांना सतरा महिन्यांची वाढ दिली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टानं नेमक्या त्याच कारणासाठी तो नियम रद्द केला. पण रद्द केल्या दिवशी मुलांना कामावरून उठवलं नाही. नवा नियम करायला सरकारला सहा महिने दिले, नंतर आणखी जवळजवळ तीन महिने वाढवून दिले, आणि १० मे २०१६ ला चोवीस महिन्यांचा नवा नियम लागू झाला. पुढे संपूर्ण ओपीटीलाच आव्हान देणारा खटला झाला. तिथल्या अपील कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारला असा नियम करण्याचा अधिकार असल्याचं मान्य केलं आणि वर्षभरानं सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. सोय टिकली. पण सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे, तसा तो बदलण्याचाही आहे, आणि त्या निकालाच्या आनंदात ही बाजू फारशी कुणी बोललं नाही.

तेव्हा यापुढे अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल कुठलीही बातमी आली की आधी एवढंच विचारा: हे विधेयक आहे, मंजूर झालेला कायदा आहे, खात्याचा मसुदा नियम आहे, की राष्ट्राध्यक्षांचा आदेश आहे? विधेयक असेल तर काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नंबर टाकला की ते कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं. समितीतच अडकलंय म्हटल्यावर त्या रात्री शांत झोपा. मसुदा नियम असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२५ मध्ये एक मसुदा आला. आत्ता विद्यार्थ्याला शिक्षण चालू असेपर्यंत राहता येतं, त्याऐवजी जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत द्यायची आणि शिक्षण संपल्यावर निघायला मिळणारे साठ दिवस तीसवर आणायचे, असं त्यात आहे. एमएसची दोन वर्षं आणि ओपीटीची तीन मिळून पाच होतात. म्हणजे हा मसुदा जसाच्या तसा लागू झाला तर मधेच मुदतवाढीचा वेगळा अर्ज करावा लागेल. हे लेकीला माहीत असायला हवं.

राष्ट्राध्यक्षांचा आदेश सगळ्यात वेगानं येतो. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला आणि दोन दिवसांत लागू झाला. तेव्हा मला आलेल्या पत्रांमध्ये निम्मे पालक "आता सगळं संपलं" असं लिहीत होते. महिन्याभरात खात्यानं खुलासा केला की अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते शुल्क लागू नाही. पहिल्या दिवशीच्या बातमीवर दहा वर्षांचा निर्णय घ्यायचा नसतो तो यासाठी.

आणि काही विधेयकांचे कायदे होतातही. ते कसे होतात ते बघा, म्हणजे दोन्ही बाजूंचा अंदाज येईल. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्षांची सही झालेला तो प्रचंड कर-खर्चाचा कायदा मे महिन्यात प्रतिनिधीगृहात २१५ विरुद्ध २१४, म्हणजे एका मतानं पास झाला होता. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास झाले आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मतानं तो पास झाला. अर्थसंकल्पाशी जोडलेलं विधेयक असल्यानं तिथे साठ मतांची अट नव्हती. त्यात परदेशी पैसे पाठवण्यावर कर होता. सुरुवातीच्या मसुद्यात पाच टक्के, मग प्रतिनिधीगृहात साडेतीन, आणि शेवटी कायद्यात एक टक्का, तोही रोख, मनीऑर्डर अशा मार्गानं पाठवलेल्या पैशांवर. बँक खात्यातून पाठवले तर नाही. मे महिन्यात न्यू जर्सीपासून डोंबिवलीपर्यंत सगळे पाच टक्क्यांचा हिशोब करत बसले होते. श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावरचा कर मसुद्यात २१ टक्क्यांपर्यंत होता, कायद्यात वरची पायरी ८ टक्क्यांची राहिली. तुमच्या यादीतल्या सरकारी विद्यापीठांना तो लागतच नाही.

त्याच कायद्यात पदव्युत्तर मुलांचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केलंय. हाही मेसेज तुमच्याकडे येईल. ते कर्ज अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतं, भारतातून जाणाऱ्या मुलीला ते कधीच मिळत नव्हतं. भाच्याच्या मुलांना पुढेमागे त्याची झळ लागेल, तुमच्या लेकीला थेट नाही. तिला लागेल ते व्हिसाचं वाढीव अडीचशे डॉलर शुल्क, जे याच कायद्यानं मंजूर झालंय. शिवाय ओपीटीवरच्या मुलांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे तिथल्या पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठी होणाऱ्या पगारकपातीतून आज सूट असते, ती काढण्याचं विधेयक सिनेटर टॉम कॉटन यांनी मांडलंय. ते मंजूर झालं तर पगारातले ७.६५ टक्के जातील. त्यानं कुणाचं शिक्षण अडणार नाही, पण कन्सल्टन्सीनं दाखवलेला "महिन्याला इतके डॉलर वाचतील" हा आकडा तेवढा खाली येईल.

आता तुमच्या घरातलं बोलू. वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही बातमीपेक्षा मला तुमच्या बँकेच्या मंजुरीपत्राची जास्त काळजी वाटते.

बेचाळीस लाख दोन वर्षांत चार सेमिस्टरना थोडे थोडे उचलले आणि पदवीनंतर सहा महिन्यांनी हप्ता सुरू झाला, असं धरू. शिकत असताना व्याज भरलं नाही तर साध्या हिशोबानंही जवळपास आठ लाख व्याज साठतं. मुद्दल पन्नास लाख होते. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता येतो सुमारे ६७ हजार. पंधरा वर्षं केलं तरी ५५ हजार. यात डॉलर महागला, फी वाढली, हे धरलेलं नाही. लेकीला आज हातात बासष्ट हजार येतात आणि पहिला हप्ता येईपर्यंत तुम्ही निवृत्त झालेल्या किंवा व्हायच्या बेतात असाल. म्हणजे हे कर्ज डॉलरच्या पगारातूनच फिटू शकतं. आणि डॉलरचा पगार त्या तीन वर्षांवर उभा आहे, जी एका खात्याच्या नियमावर उभी आहेत. खाली विश्रामबागचा फ्लॅट.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: लेक एमएस करून दुसऱ्या दिवशी पुण्याला परत आली, तर तिच्या इथल्या पगारातून हप्ता भरून ती जगू शकेल का? उत्तर हो असेल तेवढंच कर्ज काढा. मग ओपीटी राहिली तर कर्ज चार वर्षांत फिटेल आणि नाही राहिली तर दहा-पंधरा वर्षांत, पण घर जाणार नाही.

तुमच्यासाठी हा आकडा पंचवीस लाखांच्या आसपास येतो. त्याच पद्धतीनं हिशोब केला तर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ४० हजार, पंधरा वर्षांचा ३३ हजार. एमएस झालेल्या, आधीची दोन वर्षांची नोकरी असलेल्या मुलीला पुण्यात हे ओढाताण करून का होईना झेपेल. शिकत असताना महिन्याचं व्याज तुम्ही भरत गेलात तर आणखी हलकं होईल. पहिल्या सेमिस्टरला सव्वासहा लाख उचलले तर महिन्याचं व्याज साडेपाच हजारांच्या आत असतं, ते तुमच्या पगारातून निघू शकतं. शेवटी पंचवीस लाख पूर्ण उचलल्यावर ते बावीस हजारांच्या घरात जाईल, तेव्हा जमेल तेवढं भरा.

पंचवीस लाखांत एमएस कसं बसवायचं, हा लेकीचा गृहपाठ. त्या आठच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची फी आणि राहण्याचा खर्च तिनं त्या कॉलेजच्या स्वतःच्या पानावरून काढावा, कन्सल्टन्सीच्या तक्त्यावरून नको. कन्सल्टन्सीचं काही कॉलेजांशी कमिशनचं नातं असतं, ते विचारायला संकोच करू नका. ज्या विभागात दुसऱ्या सेमिस्टरपासून शिकवण्याची किंवा संशोधनाची असिस्टंटशिप एमएसच्या मुलांना खरोखर मिळते, तिथे आत्ता शिकत असलेल्या दोन-तीन मुलांना लिंक्डइनवर गाठून तिनं विचारावं. असिस्टंटशिपमध्ये फी माफ होते की नुसता पगार मिळतो, हेही. दीड वर्षात पूर्ण होणारे अभ्यासक्रम असतात, राहण्याचा एका सेमिस्टरचा खर्च वाचतो. आणि प्रवेश मिळाल्यावर बरीच कॉलेजं तो वर्षभर पुढे ढकलू देतात. एक वर्ष आणखी नोकरी केली, घरीच थोडं काटकसरीनं राहिली, तर पाच लाख तिचे स्वतःचे उभे राहतील आणि तोवर त्या मसुद्यांचं काय झालं तेही कळेल. हे ऐकून ती आणखी चिडेल, पण पर्याय म्हणून समोर ठेवा. ज्ञानच हवं असेल तर जॉर्जिया टेकची कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन एमएस दहा हजार डॉलरच्या आत, पुण्याची नोकरी सांभाळून होते. मला तो कमीपणाचा मार्ग वाटत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. व्हिसाच्या मुलाखतीत "ओपीटीवर काम करून कर्ज फेडीन" असं लेकीनं म्हणू नये. एफ-१ हा शिकून परत येणाऱ्याचा व्हिसा आहे आणि परतीचा इरादा पटला नाही तर अधिकारी तो नाकारतो. पंचवीस लाखांचं कर्ज आणि पुण्यातल्या पगारातून ते कसं फेडणार याचा हिशोब तयार असेल, तर तिला तिथे खरं बोलता येईल. बेचाळीस लाखांचा तसा हिशोब देता येणार नाही.

आता तुमचं आणि तिचं. ताई, ती चिडते कारण तुम्ही तिच्यासमोर मेसेज ठेवता. मेसेज ठेवला की तिला वाटतं आई आपल्याला अडवतेय, आणि ती त्या बातमीशी भांडायला लागते. तिच्यासमोर वही ठेवा. रविवारी ती सांगलीला येईल तेव्हा मिस्टरांनाही बसवा, बँकेचं पत्र समोर ठेवा आणि ६७ हजारांचा हप्ता तिला तिच्याच हातानं काढू द्या. इंजिनिअर आहे, पाच मिनिटांत काढेल. मग विचारा, "बाळा, तू परत आलीस तर यातलं आपण कसं भरायचं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती जाऊ नये असं तुम्हाला वाटत नाही, हे तुमच्या पत्रावरून मला दिसतं. तिला ते अजून ऐकू आलेलं नाही. पंचवीस लाखांवर सही करायची तुमची तयारी आहे, हे त्याच बैठकीत तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

बँकेत जाल तेव्हा मॅनेजरना चार गोष्टी लेखी मागा: व्याजदर बदलता आहे की स्थिर, शिकत असताना व्याज भरलं तर दरात सवलत मिळते का, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, आणि मंजुरी बेचाळीसची असली तरी प्रत्यक्ष पंचवीसच उचलले तर तारण आणि हमी तेवढ्यापुरतीच राहते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर मंजुरीपत्रच नव्यानं, कमी रकमेचं करून घ्या. अर्ज डिसेंबरच्या मध्यापर्यंत जायचेत ते जाऊ द्यात, त्याला कर्जाची सही लागत नाही. कॉलेजचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, काढताना पैसे दाखवावे लागतात, ती वेळ मार्च-एप्रिलमध्ये येईल. तोपर्यंत कुठल्या कॉलेजनं किती मदत दिली ते हातात असेल. तेव्हा मला पुन्हा लिहा, आकड्यांसकट.